मालक कोण? भंडाऱ्याची बिडी आणि कायद्याचा पाठलाग

मोहाडी तालुक्यातलं करडी हे धानपट्ट्यातलं गाव. वैनगंगेचं खोरं, गावोगावचे तलाव आणि थोड्या अंतरावर कोकाचं जंगल. या परिसराभोवती जिल्ह्यातले मोठे रोजगार मांडलेले आहेत. उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, वरठीला पोलाद कारखाना, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी. तिन्ही ठिकाणी फाटक आहे, फाटकावर पाटी आहे, आत जाणाऱ्याची हजेरी लागते. २४ जानेवारी २०२५ला जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं आणि कामगारांचे बळी गेले. दुःख मोठं होतं. पण जाब कुणाला विचारायचा, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

याच जिल्ह्यात शंभर वर्षांहून अधिक काळ आणखी एक मोठा रोजगार चालत आला, ज्याला धड फाटक नव्हतं. तो बिडीचा. बिडी बांधणाऱ्या हातांना तंबाखूची धूळ लागत होती, पाठ वाकत होती, छाती भरून येत होती. यासाठी जबाबदार कोण, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘सट्टेदाराला विचारा.’ सट्टेदार, म्हणजे कंपनी आणि बांधणाऱ्यामधला ठेकेदार, म्हणायचा, ‘कंपनीला विचारा.’ कंपनी म्हणायची, ‘हा आमचा माणूसच नाही.’ कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षितता सांभाळणं ही मालकाची जबाबदारी, हे वाक्य आज कुणीही म्हणेल. मध्य प्रांतातल्या बिडीने त्याच्या आधीचा प्रश्न विचारायला लावला. मालक म्हणायचं कुणाला? खिडक्या, पाणी, धूळ या गोष्टी त्यानंतरच्या. कायद्याला या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला जवळजवळ तीस वर्षं लागली, आणि ते मिळेपर्यंत काम हातातून निसटून दुसरीकडे गेलेलं असायचं.

पान, दुष्काळ आणि रेल्वे

बिडी मूळची गुजरातकडची. तिथे ती आपट्याच्या जातीच्या पानांत वळली जायची. १८९९-१९००च्या दुष्काळाने, ज्याला लोक ‘छप्पनिया’ म्हणून ओळखतात, गुजरातेतली अनेक कुटुंबं कामाच्या शोधात बाहेर पडली आणि मध्य प्रांतात आली. त्यांतल्याच मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी इथल्या जंगलातल्या तेंदूच्या पानात बिडी वळून पाहिली. तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. पान रुंद, वाळल्यावरही न फाटणारं, हळू जळणारं आणि पावसाळी हवेत लवकर न बुरसणारं. जबलपूरला त्यांचा धंदा उभा राहिला, आणि बिडीची राजधानी गुजरातेतून उठून तेंदूच्या जंगलाशेजारी आली.

तंबाखू निपाणीहून आणि गुजरातेतून मागवता येत होता. पान मात्र जंगलाजवळच मुबलक. त्यात बंगाल-नागपूर रेल्वे गोंदियावरून धावू लागली होती, त्यामुळे माल कलकत्त्यापर्यंत जाऊ शकत होता. १ मे १९९९ला वेगळा जिल्हा होईपर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथे छोटाभाई जेठाभाई पटेल यांची पेढी मोठी झाली. मनोहरभाई पटेल बिडीच्याच धंद्यातून पुढे आले आणि नंतर त्यांनी शाळा-कॉलेजांचं जाळं उभारलं. या भागाच्या सार्वजनिक जीवनात बिडीचा पैसा खोल मुरला आहे, तो असा.

धंद्याला यंत्र लागत नव्हतं. पान रात्रभर भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. पंचवीस बिड्यांचा कट्टा, मग भट्टीचा शेक. दिवसभर मान खाली घालून बसलेला माणूस हजाराच्या आसपास बिड्या बांधतो, आणि मजुरीचा दरही हजारीच. धान एकपिकी, त्यामुळे कापणीनंतर रिकामे हात गावात भरपूर. कुणी बाई, कुणी म्हातारा, कुणी शेतात खपू न शकणारा. सगळ्यांना बसून करता येईल असं हे काम होतं. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायचा, सत्तर पानांचं पुडकं बांधून फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, विकायचं, आणि बाकीच्या महिन्यांत बिडी. दोन्ही टोकांना मजूर तोच.

यंत्र नाही, म्हणून कारखाना नाही

पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. त्याने मुलांच्या कामाचे तास आखले, यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. मोठ्या माणसांबद्दल तो जवळपास गप्प होता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारला दिलं, आणि १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. १८९१चा कायदा पन्नास कामगारांपर्यंत उतरला, १९२२चा वीसपर्यंत. आकडा उतरत गेला, पण यंत्रशक्तीची अट राहिली. लोखंड्यांचा लढा ज्या कायद्यात उतरला, तो कायदा चिमणी पाहून चालत होता. बिडीच्या कोठीला चिमणी नव्हती. शंभर माणसं एका छपराखाली तंबाखूच्या धुळीत बसली, तरी कायद्याच्या डोळ्यांनी तो कारखाना नव्हता.

१९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा याच काळातला. त्याच्या एका कलमाने पुढच्या सगळ्या कहाणीला लागू पडेल असं तत्त्व मांडलं होतं. मूळ मालकाने आपल्या धंद्याचं काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं आणि त्यात मजूर जखमी झाला, तर भरपाई मूळ मालकाने द्यायची. मग त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणजे मध्ये माणूस उभा केला की हात झटकता येत नाहीत, हे कायद्याला तेव्हाच माहीत होतं. पण हे तत्त्व अपघातापुरतं होतं. बिडीत बॉयलर फुटत नाही. तिथे दुखणं रोज थोडं थोडं येतं, आणि त्याला अपघाताची तारीख नसते.

१९२९मध्ये सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१च्या अहवालात बिनयंत्राच्या कामशाळांवर स्वतंत्र भाग आला आणि त्यात बिडीच्या कोठ्यांचं चित्र होतं: कोंदट खोल्या, दहा-बारा तास काम, आठवड्याची सुट्टी नाही, आणि काही ठिकाणी अवघी पाच वर्षांची मुलं. आईबापांनी उचल घेऊन मुलाला कामावर तारण ठेवायचं, ही चालही कमिशनसमोर आली. त्यावर बंदी घालणारा कायदा १९३३मध्ये झाला.

मध्य प्रांताने पुढचं पाऊल उचललं. १९३७च्या मध्य प्रांत अनियंत्रित कारखाने कायद्याने बिडी, लाख आणि चामडं कमावणं या तीन धंद्यांतल्या, यंत्राशिवाय चालणाऱ्या जागांना हात घातला. यंत्र नसलं तरी माणसं दाटीने बसतात, म्हणून नियम हवेत, हे इथे पहिल्यांदा मान्य झालं. पण कायदा लागू होण्यासाठी एका जागी पन्नास माणसं असायला हवी होती.

तिथेच पळवाट सापडली. मोठी कोठी मोडायची आणि लहान लहान शाखा करायच्या. प्रत्येक शाखेवर एक सट्टेदार. कंपनीने त्याला तोलून तंबाखू आणि पान द्यायचं, त्याने मोजून बिड्या परत द्यायच्या. अमुक शेर तंबाखूत इतक्या हजार बिड्या, हा हिशेब पक्का. कमी भरल्या तर तूट सट्टेदाराच्या अंगावर, आणि त्याच्याकडून बांधणाऱ्याच्या अंगावर. वरून ‘छाट’ होतीच. तपासणीत नापास झालेल्या बिड्यांची मजुरी कापली जायची. सट्टेदाराचं घर, ओसरी, भाड्याची खोली ही आता कामाची जागा झाली. तिथे खिडकी आहे की नाही हे पाहणं कंपनीचं काम उरलं नव्हतं.

हरदास एल. एन. आणि रेगे समिती

याच दशकात कामठीचे हरदास लक्ष्मणराव नगराळे बिडी कामगारांची संघटना बांधत होते. लोक त्यांना बाबू हरदास एल. एन. म्हणत. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९३७मध्ये ते प्रांताच्या विधिमंडळात निवडूनही गेले. कामठी-नागपूर पट्ट्यातले बिडी कामगार बहुतांशी दलित, आणि ठेकेदार त्यांची लूट करतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकाच ओसरीवर बसलेले असल्याने त्यांच्यासाठी हे दोन वेगळे लढे नव्हते. १२ जानेवारी १९३९ला, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

१९४२च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४४मध्ये सरकारने देशभरच्या मजुरांची पाहणी करायला समिती नेमली. अध्यक्ष डी. व्ही. रेगे. रेगे समितीने चाळीसच्या आसपास उद्योगांवर स्वतंत्र अहवाल काढले, त्यांतला एक बिडी, सिगार आणि सिगारेट उद्योगावर. अंधाऱ्या खोल्या, वारा नाही, ओल्या पानांचा आणि तंबाखूचा उग्र दर्प, जमिनीवर खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं, हे त्यात नोंदलं गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मधला माणूस काढल्याशिवाय किंवा त्याच्या मागच्या मालकाला बांधल्याशिवाय कायदा या धंद्यात उतरणार नाही, हे त्या पाहणीतून उघड झालं. १९३७च्या कायद्याचा अनुभव डोळ्यांसमोर होताच.

सरकारला बिडीतलं काहीच दिसत नव्हतं, असंही नाही. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. तेव्हापासून गोदामात किती तंबाखू आला, किती बाहेर गेला, किती वाया गेला, याची नोंद सरकारी वहीत येऊ लागली. तंबाखूचा प्रवास सरकार पावतीवरून शोधू शकत होतं. तो तंबाखू ज्यांच्या हातून जायचा त्यांची यादी मात्र कुठल्याच वहीत नव्हती.

न्यायालयात ‘कामगार’ सापडतो आणि हरवतो

स्वातंत्र्यानंतर १९४८चा फॅक्टरी कायदा आला, १ एप्रिल १९४९पासून लागू झाला. यंत्र असेल तर दहा आणि नसेल तर वीस माणसं पुरे, अशी त्याची रेघ होती. बिडीची मोठी कोठी आता सरळ कायद्यात आली. कायद्यातली कामगाराची व्याख्याही ऐसपैस होती: थेट नेमलेला किंवा मध्यस्थामार्फत नेमलेला. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. पण कारखाना ठरला तरी कामगार ठरायचा बाकी होता, आणि ती लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली.

बिडीचा पहिला गाजलेला खटला मात्र वेगळाच होता. मध्य प्रांत सरकारने १९४८मध्ये कायदा केला होता, की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी बनवायची नाही, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात नोव्हेंबर १९५०मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर हे अवाजवी बंधन आहे, असं न्यायालय म्हणालं. शेतात खपू न शकणारे अशक्त, अपंग, म्हाताऱ्या बाया आणि मुलं यांनाही हा हुकूम बिडीपासून तोडतो, याकडेही त्याने लक्ष वेधलं. घरी बसून बिडी बांधणारी माणसं अशी प्रथमच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दिसली. त्यांचा उल्लेख धंद्याच्या बाजूने झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९५८मध्ये पुन्हा चिंतामणराव, पुन्हा सागर. कारखाना निरीक्षकाने कोठीवर बिड्या पोचवायला आलेले सट्टेदार पाहिले आणि त्यांची नावं कामगारांच्या नोंदीत नाहीत म्हणून मालकावर खटला भरला. न्यायालय म्हणालं, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार, कामगार नव्हेत. काम कसं करायचं यावर मालकाचा ताबा असेल तरच नोकरी. नुसता माल ठरल्याप्रमाणे पोचवला तर तो करार. जो माणूस कंपनीच्या तंबाखूशिवाय एक बिडी बांधू शकत नव्हता, तो कायद्याने स्वतंत्र व्यावसायिक ठरला.

मग नागपूर. बिर्धीचंद शर्मा यांच्या खटल्यात कामगारांनी कारखाना कायद्याप्रमाणे रजेचा पगार मागितला. मालकाचं म्हणणं, हे लोक हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात, मजुरी नगावर, मग हे नोकर कसे? डिसेंबर १९६०मध्ये न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. कारखान्याच्या वेळेतच यावं लागतं, हजेरी लागते, आणि नापास बिड्या बाजूला काढण्याचा हक्क व्यवस्थापकाकडे आहे. एवढा ताबा पुरेसा आहे. ज्या छाटीने मजुरी खाल्ली जात होती, तीच छाट आता मालक-नोकर नात्याचा पुरावा ठरली.

वर्षभरातच पारडं फिरलं. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, कारखान्यात बसून बिडी बांधणारा माणूस कायद्याने कामगार नाही, असं बहुमताने ठरलं. तो यायला बांधील नाही, किती बांधायच्या याला बांधील नाही, मग ताबा कुठे? न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं. त्यांच्या मते बिडीसारख्या साध्या कामात सतत डोक्यावर उभं राहण्याची गरजच नसते. कामाच्या स्वरूपाला पुरेल इतका ताबा मालकाकडे आहे, आणि कामगारांच्या हिताचा कायदा असा आखूड करून वाचू नये. निकालात ते एकटे पडले.

या निकालांना आरोग्याच्या बाजूने वाचलं तर त्यांचा अर्थ उघडा पडतो. फॅक्टरी कायद्यातली स्वच्छता, वायुवीजन, धूळ काढून टाकण्याची सोय, पिण्याचं पाणी, संडास ही सगळी कलमं ‘कामगार’ या शब्दावर टेकलेली. खटला रजेच्या पगाराचा असला, तरी माणूस कामगार नाही असं ठरलं की त्याच्या श्वासाचीही जबाबदारी कुणाची राहत नव्हती. आणि मालकासाठी धडा सरळ होता: जितका कमी ताबा दाखवाल, तितकी कमी जबाबदारी. त्यामुळे हजेरीपट बंद करायचा, वेळ ठरवायची नाही, कोठीत बसवायचं नाही. पान-तंबाखू द्यायचा आणि घरी पाठवायचं.

१९६६: कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत

साठच्या दशकात हे चक्र संसदेला दिसलं. मद्रास राज्याने १९५८मध्ये आणि केरळने १९६१मध्ये बिडीसाठी वेगळे कायदे केले होते, पण ते अंमलात आणणं कठीण गेलं. कारण बिडी उचलून नेता येते. एका राज्याने नियम कडक केले की धंदा शेजारच्या राज्यात जायचा, तिथेही तंबाखू-पान पोचवायला एक माणूस पुरे. म्हणून देशभरासाठी एकच कायदा हवा होता. १९६६च्या ‘बिडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या अटी) कायद्या’च्या उद्देशपत्रिकेत कारण स्वच्छ लिहिलं गेलं: मालक कंत्राटदारांमार्फत आणि घरोघरी काम वाटून देतात, धंद्याचे लहान तुकडे करतात आणि कायद्याच्या बाहेर राहतात.

या कायद्याने आधी व्याख्या बदलल्या. मालक किंवा कंत्राटदार ज्याला घरी बांधायला कच्चा माल देतो, तोही कर्मचारी. कंत्राटदार असला तरी ज्याच्यासाठी किंवा ज्याच्या वतीने काम होतं तो मुख्य मालक. बिडीच्या कहाणीत पहिल्यांदाच सट्टेदाराच्या मागे उभा असलेला माणूस कायद्यात नावानिशी आला. १९२३मध्ये अपघातापुरतं मान्य झालेलं तत्त्व आता रोजच्या कामाला लागू झालं.

त्यानंतर जागेबद्दलचे नियम. परवान्याशिवाय कामाची जागा चालवायची नाही. दर माणशी किमान सव्वाचार घनमीटर जागा. हवा खेळती हवी, आणि धुळीने अपाय होण्यासारखा असेल तर ती आवरण्याची सोय हवी. पिण्याचं पाणी, संडास, धुण्याची जागा, प्रथमोपचार. बायका जास्त असतील तिथे पाळणाघर. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम नाही, आठवड्याची सुट्टी, चौदा वर्षांखालचं मूल कामावर नाही. छाटीलाही मर्यादा आली. नियमांनी साधारणपणे ५ टक्क्यांपलीकडे बिड्या नापास करायला बंदी घातली.

मालकांनी कायद्याला आव्हान दिलं. घरात बसलेल्या बाईवर आमचा ताबा कसा, आणि तिच्यासाठी आम्ही रजा, प्रसूती लाभ कसे द्यायचे, हा त्यांचा मुद्दा. १९७४मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. घरी बांधलेली बिडी नापास करण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे ताबा आहे. नागपूरच्या कामगारांना १९६०मध्ये मिळालेला तर्क घराच्या उंबऱ्याच्या आत पोचला.

पण दुसरीकडे बिडी पुन्हा निसटली. केरळात कायदा लागू होताच १९६८मध्ये याच गणेश बिडीने तिथलं काम बंद केलं आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यातून फेब्रुवारी १९६९मध्ये कन्नूरला दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. कामगारच मालक झाले, तेव्हा मालक कोण हा प्रश्न मिटला, आणि कामाची जागा सुधारली. तसं इतरत्र फारसं घडलं नाही. विदर्भात, सिन्नर-संगमनेरला, सोलापुरात बिडी घराघरांतूनच चालत राहिली. सोलापूरच्या बिडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर हजारो घरांची वसाहत मिळवली, ते यश मोठं. पण ते निवाऱ्याचं. त्या घराच्या आत तंबाखूचं सूप तसंच राहिलं.

१९७६मध्ये बिडीवर उपकर बसवून कल्याण निधी निघाला. त्यातून दवाखाने, क्षयाच्या उपचारांची मदत, मुलांना शिष्यवृत्त्या, घरकुलं मिळाली. त्याचा लाभ अनेक कुटुंबांना झाला. मात्र त्याने एक सूक्ष्म फरकही घडवला. आजारी पडल्यावर औषध देणं हे सरकारचं काम झालं. आजार होऊ नये म्हणून धूळ कमी करणं, हातमोजे-मास्क देणं, कामाची जागा सुधारणं हे मालकाचं काम मागे पडलं. कल्याण आणि जबाबदारी यांची अदलाबदल झाली. पुढे १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर तो उपकरही संपला.

दरम्यान शास्त्राने बिडीच्या धुळीबद्दल बोलायला सुरुवात केली होती. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आसपास बिडी उद्योगातल्या कामगारांवर संशोधन केलं. तंबाखू न खाणाऱ्या, न ओढणाऱ्या कामगारांच्याही लघवीत निकोटिनपासून तयार होणारं कोटिनीन सापडत होतं, आणि पेशींतल्या गुणसूत्रांना इजा झाल्याच्या खुणा दिसत होत्या. म्हणजे बिडी न ओढताही तंबाखू अंगात जात होता, कातडीतून आणि श्वासातून. कायद्याच्या भाषेत ही धोक्याची जागा होती. ती जागा मात्र आता कुणाच्या तरी घरातली खोली होती, आणि त्या खोलीत भाकरी भाजली जात होती, मूल झोपवलं जात होतं. कारखान्यातला कामगार सुट्टी झाली की धुळीतून बाहेर पडतो. घरी बांधणारीला ती सोयही नव्हती.

रेघ कुठे ओढायची

भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७मध्ये, फॅक्टरी कायद्यात ‘भोगवटादारा’ची सर्वसाधारण जबाबदारी लिहिली गेली: कामगारांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण शक्य तितकं सांभाळणं. धोकादायक उद्योगांसाठी ते मोठं पाऊल होतं. बिडीच्या ओसरीपर्यंत ते येत नव्हतं, कारण तिथे भोगवटादार म्हणजे ती बाई स्वतःच.

आता जुने तेरा कायदे एकत्र करून २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली, आणि १९६६चा बिडी कायदाही त्यात विलीन झाला. बिडी आणि सिगारसाठी संहितेत वेगळा भाग ठेवला आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं आणि ठरलेल्या प्रकारच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणं ही मालकाची कर्तव्यं तिने लिहून ठेवली आहेत. नेमणूकपत्राचं कलम बिडीच्या इतिहासात सर्वांत मोलाचं ठरू शकतं. कारण १९३७पासून इथल्या प्रत्येक वादात कागदच गहाळ होता: हजेरीपट नाही, पावती नाही, नाव नाही.

पण त्याच संहितेत रेघ वर सरकली आहे. कारखाना ठरायला आता यंत्र असेल तर वीस आणि नसेल तर चाळीस माणसं हवीत, म्हणजे १९४८च्या दुप्पट. आस्थापना ठरायला साधारण दहा. घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या सामाजिक सुरक्षेच्या दुसऱ्या संहितेत आहे. म्हणजे घरी बिडी बांधणारीच्या पेन्शनचा विचार एका पुस्तकात, आणि श्वासाचा विचार दुसऱ्या. मध्य प्रांताने पन्नासची रेघ ओढली तेव्हा कोठ्या एकोणपन्नासाच्या झाल्या, हे १९३७चं उदाहरण नियम करणाऱ्यांच्या टेबलावर असायला हवं.

भंडाऱ्याच्या बिडीने शिकवलेली गोष्ट व्यवहाराची आहे. आकड्यावर ओढलेली रेघ मालक मोडून काढतो, ताब्यावर ओढलेली रेघ तो झाकून टाकतो. टिकली ती फक्त एक रेघ, मालावर ओढलेली: कच्चा माल ज्याचा, तयार बिडीवर छाप ज्याची, नफा ज्याच्या वहीत, जबाबदारी त्याची, मध्ये कितीही हात असोत. १९६६च्या कायद्याची खरी कमाई हीच, आणि नव्या संहितेच्या नियमांत ती पातळ होऊ न देणं हे आजचं काम. आज घरी शिवणकाम, पॅकिंग, जोडणी करून देणारे लाखो हात आहेत आणि ॲपवर ऑर्डर घेऊन दारोदार फिरणारी मुलंही. त्यांनाही हेच ऐकवलं जातं, की तुम्ही नोकर नाही, भागीदार आहात. सागरच्या सट्टेदारालाही १९५८मध्ये न्यायालयाने तेच सांगितलं होतं. तो निकाल बदलायला आठ वर्षं आणि संसदेचा एक कायदा लागला. या वेळी इतका वेळ घालवायला कुठलंच कारण नाही; उत्तर आपल्याच वहीत लिहिलेलं आहे.